बाजार कुठे आहे?

कुठे दंगल झाली, युद्ध पेटलं, माणसं घरदार सोडून पळाली की आपल्याकडे पहिल्या आठवड्यात जुने कपडे गोळा होतात. दुसऱ्या आठवड्यात तांदूळ-डाळीची किटं बांधली जातात. तिसऱ्या आठवड्यात ट्रकसमोर बॅनर धरून फोटो निघतो. चौथ्या आठवड्यात आपण आपापल्या कामाला लागतो, आणि छावणीतली माणसं छावणीतच असतात.

हा टोमणा नाही. चांदवडसारख्या तालुक्याच्या गावात असा पैसा कसा जमतो ते मला माहीत आहे. कांद्याच्या चाळीवर रोजाने जाणारी बाई डबा फिरवणाऱ्या पोराच्या हातात शंभराची नोट ठेवते, तेव्हा तिच्या घरात त्या दिवशी काहीतरी कमी पडणार असतं. प्रश्न तिच्या नियतीचा नाहीच. डबा फिरवणाऱ्याने पुढे काय केलं, हा प्रश्न आहे. आणि माझं म्हणणं असं आहे की आपली बहुतेक मदत विस्थापित माणसाला रांगेत उभं करते. त्याला पुन्हा कशाचाही मालक करत नाही.

हिजरतनंतरचा एक प्रसंग आपण लहानपणापासून ऐकतो. मक्का सोडून आलेले अब्दुर्रहमान बिन औफ आणि मदिन्याचे साद बिन रबी यांच्यात भाऊपणा जोडून दिला गेला. साद म्हणाले, माझ्या संपत्तीतला अर्धा वाटा तुझा. अब्दुर्रहमान यांनी त्यांना दुवा दिली आणि विचारलं, इथला बाजार कुठे आहे? मग तूप आणि चीज विकायला सुरुवात केली आणि काही दिवसांत पायावर उभे राहिले. बयानात या गोष्टीतला अर्धा भाग रंगवून सांगितला जातो, तो साद यांच्या दिलदारपणाचा. दिलदारपणा मोठाच. पण विस्थापित माणसाला नेमकं काय हवं असतं, ते दुसऱ्या अर्ध्या भागात आहे. त्याला बाजाराचा पत्ता हवा होता.

हीच गोष्ट फिकहमध्ये कायद्याच्या भाषेत येते. जकात कुणाला द्यायची याचे आठ वर्ग सूरह तौबामध्ये सांगितले आहेत आणि त्यात वाटेत अडकलेला मुसाफिरही आहे. हनफी मजहबात जकात अदा होण्यासाठी तमलीक ही अट आहे. म्हणजे दिलेली वस्तू किंवा रक्कम घेणाऱ्याच्या पूर्ण मालकीची झाली पाहिजे. तुम्ही पंगत मांडली आणि लोकांना बसवून जेवू घातलंत, तर सवाब मिळेल, पण तेवढ्याने जकात अदा होत नाही. तेच अन्न त्याच्या हातात त्याचं म्हणून द्या, मग त्याने ते खावं, ठेवावं किंवा विकावं. (मराठीत ‘जकात’ म्हटलं की अजूनही आधी नाका आठवतो, दान नाही. आपल्यातल्याही काहींच्या मनात हा गोंधळ असावा, कारण आपण जकात देतो ती वसुलीच्या थाटात, घेणाऱ्याला थांबवून, तपासून, फोटो काढून.) तमलीक हा मुफ्तींच्या कामाचा कोरडा शब्द समजून आपण सोडून देतो. मला तो विस्थापितांच्या मदतीबद्दलचा सगळ्यात आधुनिक शब्द वाटतो.

याचे दाखले शोधायला लांब जायला नको. आग्रा रोडने राहूड घाट ओलांडला की पुढे मालेगाव येतं. १८५७ च्या दडपशाहीनंतर आणि १८६२ च्या दुष्काळानंतर बनारस आणि आसपासच्या मुलखातून मोमीन विणकर बाहेर पडले. त्यातली बरीच कुटुंबं मालेगावात थांबली. घरं सोडून आलेल्या या लोकांना कुणी मोठी छावणी बांधून दिली नव्हती. हातात विणकामाचं कसब होतं आणि भोवती कापड विकत घेणारा मुलूख. मराठी बायकांच्या अंगावरची लुगडी या उत्तरेकडून आलेल्या उर्दू बोलणाऱ्या हातांनी विणली. आधी हातमाग होते, नंतर यंत्रमाग आले. यातल्या कित्येकांचं आडनाव आज अन्सारी आहे. अन्सार म्हणजे मदिन्यात मुहाजिरांना आसरा देणारे. इतिहास पाहिला तर हे अन्सारी स्वतःच मुहाजिर. नावातला हा उलटफेर मला आवडतो, कारण आसरा घेणारा आणि आसरा देणारा ही माणसांची कायमची जात नसते, हे त्यात दिसतं.

दुसरा दाखला कोल्हापूरचा आहे आणि तो आपल्या पिढीला फारसा माहीत नाही. १९४० मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि मध्य आशियात नेऊन टाकलं. १९४१ मध्ये करार होऊन त्यांची सुटका झाली, आणि त्यातले काही हजार लोक इराणमार्गे भारतात पोहोचले. जामनगरजवळ बालाचडीला नवानगरच्या जामसाहेबांनी मुलांना आसरा दिला, ही गोष्ट बरीच गाजली. पण मोठी वसाहत आपल्याकडे झाली, कोल्हापूरजवळ वळिवडे इथे. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे ५,००० पोलिश माणसं राहिली. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे, कारण पुरुष सैन्यात होते किंवा मेले होते.

वळिवड्याला बराकी होत्या, पण आपण ज्याला छावणी म्हणतो तशी ती जागा नव्हती. प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र खोल्या आणि स्वतःचं स्वयंपाकघर. दरमहा ठराविक भत्ता हातात मिळायचा आणि त्यातून बायका भाजीपाला, अंडी, दूध विकत घ्यायच्या. म्हणजे आज काय शिजवायचं, हे घरातली बाई ठरवत होती. वसाहतीत दुकानं होती, दवाखाना, चर्च, नाटकाची जागा, आणि मुलांना त्यांच्याच भाषेत शिकवणाऱ्या शाळा. पंचगंगेच्या काठी पोलिश पोरं स्काउटचे मेळावे भरवत होती. आसपासच्या खेड्यांतल्या लोकांसाठी हे पाहुणे ओझं नव्हते, गिऱ्हाईक होते. पुढे कित्येक दशकांनी, २०१९ मध्ये, तिथे लहानपण घालवलेली काही म्हातारी माणसं पुन्हा कोल्हापूरला आली. त्याआधी, २०१७ मध्ये वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचं स्मारक उभं राहिलं होतं. मिळालेल्या खिचडीच्या आठवणीवर कुणी स्मारक उभारत नाही. तिथे पाच वर्षं माणसासारखं जगता आलं, म्हणून ते उभं राहिलं.

खरी गंमत त्यानंतरची आहे. पोलिश लोक निघाले आणि त्याच बराकींत फाळणीने सिंध सोडावा लागलेली सिंधी कुटुंबं आली. ते गाव म्हणजे आजचं गांधीनगर. दक्षिण महाराष्ट्रातले कापड दुकानदार घाऊक माल घ्यायला जिथे जातात, ते. कल्याणच्या लष्करी छावणीत उतरलेल्या सिंधी निर्वासितांचं उल्हासनगरही तसंच. पापड लाटून लोकलमध्ये विकणाऱ्यांची चेष्टा झाली, नकली मालाचे विनोद झाले, पण दोन पिढ्यांत तिथे बाजार उभा राहिला. ही सगळी महाराष्ट्रातलीच उदाहरणं आहेत. त्यातले लोक मुसलमान, ख्रिश्चन आणि हिंदू आहेत, आणि तिन्हीकडे माणसं सावरली ती खरेदी-विक्रीच्या वाटेवर.

आता उलट बाजू पाहू, आणि ती आपल्या घरातलीच पाहू. २००२ मध्ये गुजरातेत लाखाहून जास्त माणसं निर्वासित छावण्यांत होती. शाह आलम दर्ग्याच्या आवारात हजारो माणसं महिनोन्‌महिने राहिली. छावण्या चालवण्याचा भार प्रामुख्याने मुस्लिम संस्थांनी उचलला, हा त्यांचा मोठेपणा कुणी नाकारू नये. सरकारने हात आखडला होता आणि छावण्या लवकर बंद करायची घाई होती. मग समाजाच्या पैशांतून नव्या वसाहती बांधल्या गेल्या. त्यातली अहमदाबादमधली सिटिझन नगर कचऱ्याच्या डोंगराशेजारी आहे. डोक्यावर छत आलं, पण काम लांब, शाळा लांब आणि हवेत धूर. आणि अनेक वसाहतींत घराचे कागद वर्षानुवर्षं राहणाऱ्यांच्या नावावर झालेच नाहीत. जमीन घेणाऱ्याची, घर बांधणाऱ्याचं, आणि राहणारा मेहरबानीवर. सरकारला जाब विचारलाच पाहिजे, पण तमलीकचा प्रश्न इथे आपल्यालाच लागू होतो. ज्याचं घर जाळलं गेलं त्याला आपण पुन्हा घराचा मालक केलं का?

मुंब्र्याचं तर कुणी ‘मदतकार्य’ असं नावही घेतलं नाही. १९९२-९३ नंतर मुंबईतल्या मिश्र वस्त्यांमधून निघालेली कुटुंबं तिथे आली, सोनंनाणं मोडून, उधार-उसनवार करून. हा लेख वाचणाऱ्यांपैकी काहींचे आई-वडील त्यातलेच असतील. त्यांनी स्वतःला कधी विस्थापित म्हणवून घेतलं नाही. पाणी आणि वीज मागायला मात्र त्यांना पुढची कित्येक वर्षं लागली.

जगाकडे पाहिलं तरी हिशेब हाच दिसतो. बांगलादेशात कॉक्स बाजारच्या छावण्यांत दहा लाखांच्या आसपास रोहिंग्या आहेत. त्यांना बाहेर कायदेशीर काम करता येत नाही. सगळं घर जागतिक अन्न कार्यक्रमाच्या शिध्यावर. २०२३ मध्ये देणगीदारांचा हात आखडला आणि माणशी महिना १२ डॉलरचा शिधा आधी १० आणि मग ८ डॉलरवर आला. एका निर्णयासरशी लाखो चुली मंदावल्या, आणि चुलीपाशी बसलेल्या बाईच्या हातात त्यावर करण्यासारखं काही नव्हतं. याउलट जॉर्डनच्या झातारी छावणीत सीरियन लोकांनी मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं थाटली: मोबाइल दुरुस्ती, फलाफल, सायकली, लग्नाचे भाड्याचे कपडे. पॅरिसच्या शाँझेलिझे रस्त्यावरून त्या रस्त्याला ‘शाम-एलिझे’ नाव पडलं. शाम म्हणजे त्यांचा सीरिया. छावणीतही माणसं विनोद करू शकतात, पण त्यासाठी आधी चार पैसे कमावता यावे लागतात.

‘रोख पैसे दिले तर लोक उडवतील’ हा आक्षेप प्रत्येक मीटिंगमध्ये येतो, आणि तो घेणारा बहुतेक वेळा स्वतःच्या पगाराचा हिशेब घरी देत नसतो. तुर्कस्तानात नोव्हेंबर २०१६ पासून युरोपीय संघाच्या पैशातून निर्वासित कुटुंबांना दरमहा माणशी ठराविक लिरा कार्डावर देण्याची योजना सुरू झाली. पुढे ती १५ लाखांहून जास्त लोकांपर्यंत पोहोचली. लोकांनी भाडं भरलं, किराणा घेतला, वीजबिल दिलं. लेबनॉनमध्ये २०१३-१४ च्या हिवाळ्यात सीरियन कुटुंबांना दिलेल्या रोख मदतीचा अभ्यास झाला. तिथे खर्च झालेल्या प्रत्येक डॉलरमागे स्थानिक अर्थव्यवस्थेत दोन डॉलरहून जास्त भर पडली, असं त्यात दिसलं. म्हणजे वळिवड्याच्या भाजीवाल्याला जे कळलं होतं तेच.

एक आक्षेप मात्र खरा आहे. बाजारच उरला नसेल तर? गाझामध्ये बहुतेक सगळी लोकसंख्या एकदा नव्हे, अनेकदा विस्थापित झाली. २२ ऑगस्ट २०२५ ला गाझा शहर आणि परिसरात दुष्काळ असल्याची अधिकृत नोंद झाली. जिथे पिठाचं पोतंच आत येऊ दिलं जात नाही, तिथे खात्यावरचे पैसे खाता येत नाहीत. नोट हातात मिळवायलासुद्धा दलाल मोठं कमिशन कापत होते. अशा वेळी ट्रकच आत गेले पाहिजेत, आणि ट्रक अडवणाऱ्याविरुद्ध बोललं पाहिजे. ते बोलणं हेही मदतकार्यच आहे. पण चांदवडहून आपण तो ट्रक पाठवू शकत नाही, हेही स्वच्छ बोलूया. परदेशात पैसे पाठवायचे तर व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली बँकेतून, कागदोपत्री पाठवता येतात. नोंदणीकृत ट्रस्टने भारताबाहेर खर्च केला तर आयकराची सवलत मंडळाच्या मान्यतेशिवाय टिकत नाही. भारत सरकार स्वतः पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेला वर्षाला ५० लाख डॉलर देत आलं आहे, त्यामुळे सरळ मार्गाने मदत करणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. कुणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयच्या क्यूआर कोडवर ‘गाझा फंड’ लिहिलेलं दिसलं, तर मात्र हात आवरा. पैसे पोहोचले नाहीत तर नुकसान एकदाच होतं. पण त्या व्यवहाराची चौकशी लागली तर पुढची दहा वर्षं कुठल्याही मुस्लिम पोराच्या हातातल्या डब्याकडे संशयाने पाहिलं जाईल.

माझ्या धंद्याशी जोडलेली एक गोष्ट इथे सांगायला हवी. मदत म्हटली की यादी आली, आणि यादी म्हणजे डेटा. बांगलादेशने किमान ८ लाख ३० हजार रोहिंग्यांची माहिती, बोटांच्या ठशांसारख्या तपशिलांसह, परत पाठवणीच्या पडताळणीसाठी म्यानमारला दिल्याचं ह्यूमन राइट्स वॉचने २०२१ मध्ये उघड केलं. ज्या सरकारपासून पळून आले, त्याच सरकारकडे त्यांची नावं आणि ठसे गेले. ही माहिती शिधा आणि ओळखपत्र मिळावं म्हणून लोकांनी विश्वासाने दिली होती. आपल्याकडे किट वाटताना लोकांच्या आधार कार्डांचे फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर सर्रास टाकले जातात. किट घेताना मान खाली घातलेल्या बाईचा व्हिडिओ रीलवर जातो. तिचं नाव, चेहरा आणि पत्ता हीसुद्धा तिची मिळकत आहे. घर गेल्यावर तेवढीच उरलेली असते. यादी ठेवायचीच असेल तर कागदावर, एका जबाबदार माणसाकडे, कमीत कमी रकान्यांची ठेवा. पैशांचा हिशेब मात्र मस्जिदच्या फळ्यावर सगळ्यांना दिसेल असा लावा. आपण नेमकं उलटं करतो: लोकांची माहिती जाहीर आणि हिशेब गुपित.

आता मणिपूर. ३ मे २०२३ ला तिथे हिंसाचार सुरू झाला आणि सुमारे ६० हजार माणसं घरांबाहेर पडली. दोन वर्षं उलटली तरी त्यातली हजारो माणसं छावण्यांतच होती. मैतेई आणि कुकी-झो, दोन्ही बाजूंचे. ‘त्यात आपले कोण?’ असं मला एका सुशिक्षित मित्राने विचारलं होतं. या प्रश्नाचं एक उत्तर नकाशावर आहे. दोन्ही समाजांच्या भागांच्या सीमेवर बिष्णुपूर जिल्ह्यात क्वाक्ता नावाचं गाव आहे, तिथे मणिपुरी मुसलमान, म्हणजे पांगल, राहतात. दोन्हीकडच्या गोळीबारात ते सापडले. आणि जेव्हा मैतेई माणूस डोंगराकडे जाऊ शकत नव्हता आणि कुकी माणूस इम्फाळला येऊ शकत नव्हता, तेव्हा दोन्ही बाजूंच्या नाक्यांवरून माल आणि माणसं नेणारे बरेचसे ड्रायव्हर पांगल होते. दुसरं उत्तर देण्याची गरज वाटू नये. साद बिन रबी यांच्या दारात उभा असलेला माणूस त्यांच्या कबिल्याचा नव्हता.

मणिपूरच्या दोन्ही समाजांत घरोघरी बायका हातमागावर विणतात. मैतेई बाई नेसते ते फनेक तिच्याच घरात किंवा शेजारी विणलेलं असतं. इम्फाळमध्ये इमा कैथेल, म्हणजे आयांचा बाजार, आहे. हजारो बायकांची दुकानं, सगळ्या विक्रेत्या बायकाच. अशा बायकांना आपण नाशिक जिल्ह्यातून जुन्या साड्या पाठवायच्या? ज्या त्या नेसतही नाहीत? वाहतूक खर्चात निम्मे पैसे घालवून? मालेगाव पाऊण तासावर असलेल्या गावाने तरी विणणाऱ्याला चिंध्या पाठवू नयेत. त्याला सूत पाठवावं.

म्हणून येत्या रमजानसाठी माझी सूचना अशी आहे. जमलेल्या रकमेतला निम्मा भाग पहिल्या वर्षी अजिबात खर्च करायचा नाही, असा ठराव आधीच लिहून ठेवा आणि देणाऱ्यांना सांगा. बातम्या थांबतात तेव्हा शाळेची फी, औषधं आणि भाडं सुरू होतं. तेव्हा ट्रक येत नाहीत, आणि जकातीची रक्कम असेल तर ती किती काळ ठेवता येते ते आधीच मुफ्तींना विचारून घ्या. कुपवाड्यात अनाथ मुलींसाठी २००२ पासून घर चालवणारे अधिक कदम श्रीगोंद्याकडचे, नगर जिल्ह्यातले. काश्मीरच्या त्या टोकाला एका मराठी माणसाचं काम टिकलं, कारण तो एका ईदपुरता गेला नव्हता. उरलेला निम्मा भाग रोख द्या, तिथे आधीपासून काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेमार्फत, दोन्ही बाजूंच्या छावण्यांत, आणि घेणाऱ्याच्या मालकीचा. मागासाठी, सुतासाठी, शिलाई मशीनसाठी, किंवा तिला वाटेल त्यासाठी.

आणि एक काम तर पैसे न जमवताही होण्यासारखं आहे. मालेगावातले आणि येवल्यातले कापडाचे व्यापारी आपल्या ओळखीचे आहेत. छावणीतल्या बायकांनी विणलेले शंभर दुपट्टे ईदच्या आधी ते विकत घेतील का, एवढं त्यांना विचारायचं आहे. भाव त्या बायकांनी सांगायचा. घासाघीस आपले व्यापारी करतीलच.